भिंतीतली कुजबुज

पेन्त्रे-गोख गावातल्या मुली लग्नाचा झगा घ्यायला शहरात जात आणि तो अंगाला नीट बसवून घ्यायला टेगवेन रोलंड्सकडे येत. उत्तर वेल्समधल्या त्या तळ्याच्या काठाला पाच-सहा गावं आहेत. तिथल्या बहुतेक घरांत भिंतीवर लग्नाचा एखादा तरी फोटो असा असेलच, की ज्यातल्या झग्याला टेगवेनचा हात लागला आहे. कंबर सैल करायची, घेर चार बोटं वर घ्यायचा, आईच्या झग्याची लेस उसवून लेकीच्या झग्याला लावायची, ही कामं ती पस्तीस वर्षं करत होती. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं नवऱ्या मुलींना कळत नसे, पण "सरळ उभी राहा" एवढं मात्र सगळ्यांना कळायचं.

तिचं वय सहासष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर ती गावाच्या टोकाला असलेल्या आईच्या घरी राहायला आली, कारण आई, ओल्वेन, एकटी राहण्याजोगी उरली नव्हती. म्हातारीला काही आठवेनासं झालं होतं, कान मात्र शेवटपर्यंत तिखट होते. शेगडीवर किटली ठेवून विसरायची, टेगवेनला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. शेवटची दोन वर्षं तर तिनं एकच धोशा लावला होता, की मागच्या खोलीच्या भिंतीत माणसं आहेत आणि ती कुजबुजतात. "कान लाव ना गं जरा," ती म्हणायची. आधी आधी टेगवेननं कान लावलाही असेल. नंतर ती दारातूनच सांगायची, "आई, तिथं कुणी नाही. झोप." शेवटी तिनं डॉक्टरांना सांगून झोपेच्या गोळ्या वाढवून घेतल्या. म्हातारी मग दिवसाही झोपूनच असायची. अशीच ती एका हिवाळ्यात गेली.

मागच्या खोलीत उजेड चांगला यायचा. वर्ष उलटल्यावर टेगवेननं आईचा पलंग काढला, तिथं शिवणाचं मशीन आणि कापडं बेतायचं लांब टेबल मांडलं, भिंतीला झगे टांगायला दांडी ठोकली. पहिला उन्हाळा गार, पावसाळी होता, तो ठीक गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात, जूनच्या सुरुवातीला, खोलीत वास यायला लागला.

वास आधी अगदी पुसट होता. मग ऊन तापलं तसा तो नाकात बसायला लागला. नवसागरासारखा, मुतारीसारखा. टेगवेननं मोरीचं पाणी जातं का ते पाहिलं, गालिचा उचलून धुतला, भिंती पुसल्या. खिडकीच्या फळीवर रोज सकाळी शहाजिऱ्यासारखे बारीक काळे कण पडलेले असत. उंदीर असतील म्हणून तिनं सापळे लावले. सापळ्यातलं चीज तसंच्या तसं वाळून गेलं.

आणि एका गरम दुपारी, झग्याचा काठ दुमडत असताना, तिला भिंतीतून आवाज आला. बारीक, भराभर, एकमेकांच्या बोलण्यात बोलणाऱ्या बायकांसारखा. तिनं मशीन थांबवलं. आवाज चालूच होता. ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ मोठा केला आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आईला वेड लागलं त्याच खोलीत आईला जे ऐकू यायचं तेच आता तिला ऐकू येत होतं.

कामावर परिणाम व्हायला वेळ लागला नाही. मिसेस अॅनविल नावाची एक बाई, मोठी देवमाणूस, आपल्या लेकीचा झगा घेऊन गेली आणि दोन दिवसांनी परत आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. झगा धुलाईला टाकावा लागला, असं तिनं खाली बघत सांगितलं. शिलाईबद्दल काही तक्रार नव्हती. फक्त वास होता. "तुझी तब्येत बरी आहे ना, टेगवेन?" असं तिनं इतक्या मायेनं विचारलं, की टेगवेनला ते चारचौघांत बोलून दाखवल्याहून जास्त लागलं. त्या महिन्यात आणखी दोन नवऱ्या मुलींनी काहीतरी कारण सांगून झगे परत नेले.

तिची एकुलती लेक मेरेरिड रेक्सॅमला शाळेत शिकवायची आणि एक आड एक रविवारी, प्रार्थनेनंतर, जेवायला यायची. तिच्याही नाकाला वास गेला होता. ती खिडक्या उघडत फिरली. आणि ती गेल्यावर टेगवेनला न्हाणीघरातल्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, म्हाताऱ्या माणसांना कपडे ओले होऊ नयेत म्हणून देतात त्या पट्ट्यांचं नवंकोरं खोकं सापडलं. टेगवेन कितीतरी वेळ त्या कपाटासमोर उभी होती. मग तिनं खोकं होतं तिथंच ठेवलं आणि वरून टॉवेल नीट लावले.

पुढच्या वेळी लेक आली तेव्हा टेगवेननं धीर करून एवढंच सांगितलं, की गुरुवारी न्हाणीघरात वटवाघूळ शिरलं होतं, पण झाडू आणेपर्यंत ते दिसेनासं झालं. आणि भिंतीत कसलासा आवाज येतो. मेरेरिड मागच्या खोलीत गेली, भिंतीला कान लावून उभी राहिली. बाहेर पाऊस पडत होता, हवा गार होती. भिंत गप्प होती.

"कसला आवाज येतो म्हणालीस?"

"कुजबुजल्यासारखा."

मेरेरिडचा चेहरा पडला. आजीचं सगळं तिनंही पाहिलं होतं. तिनं आईचा हात हातात घेतला आणि आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, नुसतं दाखवून, असं सांगितलं. टेगवेन हो म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. टेगवेननं घड्याळ इतकं सुबक काढलं, की बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, की इतरांना ऐकू येत नाही असं काही तुम्हाला ऐकू येतं का. मेरेरिड शेजारीच बसली होती. टेगवेन म्हणाली, "नाही." आयुष्यात एवढं ठणठणीत खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल. मेरेरिडनं घसा खाकरला आणि आईनं आपल्याला काय सांगितलं होतं ते सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. डोक्याचे फोटो काढून पाहू, रुग्णालयाकडून पत्र येईल, असं ठरलं.

पत्र आलं. तारीख जुलैच्या तेविसाव्या दिवसाची होती.

त्याच्या बारा दिवस आधीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. उकाडा असा, की तळ्यावरून यायचा तो वाराही पडला होता. टेगवेननं नाकाला रुमाल बांधून एका झग्याचं अस्तर लावायला घेतलं होतं. भिंतीत नेहमीचा गलका चालू होता. तिनं टेबलावर पसरलेली पांढरी जाळी उचलली आणि तिच्या घडीत काहीतरी हललं.

ते अंगठ्याएवढं होतं. करड्या रंगाचं, सुरकुतलेलं, मिटलेल्या छत्रीसारखं. तिनं वाकून पाहिलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं आणि चिरकलं. आणि तो आवाज ऐकताच टेगवेननं भिंतीकडे पाहिलं, कारण भिंतीतला आवाज तोच होता. एकाचाच, पण तोच.

ती ओरडली नाही. या वेळी हे हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. लोण्याचा रिकामा डबा आणला, त्यात मऊ फडकं घातलं, दुसऱ्या फडक्यानं त्या पिल्लाला अलगद उचलून आत ठेवलं, झाकणाला टाचणीनं भोकं पाडली. मग टेलिफोनच्या वहीत शोधून वटवाघळांसाठी काम करणाऱ्या मंडळींचा नंबर लावला आणि सांगितलं, की माझ्याकडे डब्यात एक आहे, कृपा करून कुणालातरी आजच्या आज पाठवा. पलीकडच्या बाईनं विचारलं, जखमी आहे का. टेगवेन म्हणाली, "तसं नाही. मला कुणीतरी ते पाहायला हवंय."

पाचच्या सुमाराला इदवल बेव्हन आला. सत्तरीचा, ढेरपोट्या माणूस. जन्मभर डोंगरातल्या गोठ्यांवरून दूध गोळा करणारा टँकर चालवला होता आणि आता निवृत्तीनंतर हे बिनपगारी काम करायचा. त्यानं बूट दारात काढले, हातमोजा चढवला, डबा उघडला.

"हं. दोन-तीन आठवड्यांचं आहे," तो म्हणाला. "आईच्या अंगावरून सुटलं आणि फटीतून आत घसरलं. बाकीच्यांचा आवाज येत असेल ना तुम्हाला, मिसेस रोलंड्स? आज उकाड्यात फारच कल्ला करत असतील."

टेगवेन खुर्चीवर बसली. कुणीतरी हे असं विचारलं होतं, जसं पावसाबद्दल विचारतात.

"तुम्हाला येतोय?" तिनं विचारलं.

"आता वय झालं, सगळा नाही येत. पण हा येतोय की." त्यानं भिंतीकडे मान केली. "येणारच. थंडी-पावसात गप्प असतात. तापलं की यांची भांडणं सुरू."

मग तो खिडकीपाशी गेला, फळीवरचा एक काळा कण उचलला आणि बोटांत चुरडला. त्याची भुकटी झाली. भुकटीत काहीतरी चमचमत होतं. उंदराची लेंडी अशी चुरडत नाही, त्यानं सांगितलं. ही वटवाघळांची लेंडी, चमकतात ते त्यांनी खाल्लेल्या किड्यांचे पंख, आणि हा वास वटवाघळांच्याच मुताचा. माळ्यावरच्या भिंतीच्या पोकळीत आयांची मोठी वस्ती असणार, बहुधा फार जुनी, कारण त्या पिढ्यान् पिढ्या बाळंतपणाला त्याच घरी येतात. बोलता बोलता त्यानं वर पाहिलं, तर टेगवेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो गडबडला. घाबरू नका, त्या काही करत नाहीत, असं समजावायला लागला.

"घाबरले नाही हो," टेगवेन नाक पुसत म्हणाली. "तुम्ही बसा. चहा घेता ना? 'बारा ब्रिथ' केक आहे घरात, कालच केलाय." आणि त्या बेदाण्यांच्या केकचे तिनं असे जाड काप काढले, की इदवल नको नको म्हणत तीन खाऊन गेला.

जाण्याआधी त्यानं सांगितलं, की वस्ती केवढी आहे ते मोजायला हवं, आणि संध्याकाळी मोजायला दोन माणसं लागतील, एकानं फटीचं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. टेगवेननं लगेच लेकीला फोन केला. उद्या संध्याकाळी यायचं, असं तिनं सांगितलं. काय झालं, पडलीस का, असं मेरेरिड विचारत राहिली. टेगवेन म्हणाली, "ये तर खरी. आणि कान घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगरामागे गेल्यावर तिघंही मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसली. इदवलनं मायलेकींना दाबला की आकडा पुढे सरकतो असं एक एक छोटं यंत्र दिलं. मेरेरिडच्या चेहऱ्यावर आईची समजूत काढायला आलेल्या माणसाचा भाव होता. तेवढ्यात भिंतीतला गलका वाढला. मेरेरिडनं मान वर केली. आईकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"हाच?" तिनं हळूच विचारलं.

"हाच," टेगवेन म्हणाली.

मग छपराच्या कडेखालच्या फटीतून पहिलं वटवाघूळ सुटलं, खाली पडतंय असं वाटेपर्यंत घसरलं आणि तळ्याकडे निघून गेलं. मग दुसरं. मग तीन एकदम. थोड्या वेळानं तर कुणीतरी वरून मूठमूठ सुकी पानं उधळावी तशी ती बाहेर पडत होती. मोजता मोजता मेरेरिडचा अंगठा दुखायला लागला. पाऊण तासानं ओघ थांबला. इदवलनं विजेरी लावून दोघींचे आकडे मिळवले. सातशे बारा.

मेरेरिड उठून आईच्या खुर्चीपाशी गवतावर बसली.

"आई, ते कपाटातलं खोकं…"

"पाहिलं होतं मी."

"मला वाटलं…"

"मलाही वाटलंच होतं गं," टेगवेन म्हणाली. "तू एकटी नव्हतीस." आणि मग कशी कोण जाणे, दोघींनाही हसू फुटलं. इतकं, की इदवल बिचारा फटीवर विजेरी रोखून, आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं दाखवत उभा राहिला. डब्यातलं पिल्लू त्यानं त्याआधीच शिडीवर चढून फटीपाशी सोडलं होतं.

घरात शिरल्यावर मात्र टेगवेन मागच्या खोलीच्या दारात थांबली. तिला आई आठवली, तिथंच पलंगावर बसून "कान लाव ना गं" म्हणणारी. आईची आठवण गेली होती हे खरंच होतं. लेकीला बहीण समजायची, तेही खरं. पण भिंतीबद्दल ती जे सांगत होती, ते खरं होतं. आणि त्यावर गोळ्या वाढवल्या होत्या. हा सल तिच्या मनातून पुढं कधीच पूर्ण गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बागेतली फुलं तोडली, टेकडीवर आईच्या थडग्याशी नेऊन ठेवली आणि तिथं वेल्शमध्ये आईला काय सांगायचं ते सांगितलं. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

रुग्णालयाला फोन करून तिनं तारीख रद्द केली. फोनवरच्या मुलीनं कारण विचारलं. टेगवेन म्हणाली, "वटवाघळं." मुलीनं ते दोनदा विचारून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला पुन्हा बोलावलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि आता काळजीचं कारण दिसत नाही असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तेव्हा कुठं मेरेरिडचा जीव भांड्यात पडला.

वासाचं मात्र अजून तसंच होतं. टेगवेनला वाटलं होतं, आता कुणीतरी येईल आणि ही सगळी वरात हाकलून देईल. इदवलनं मान हलवली. कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही, आणि आता तर पिल्लं आहेत. टेगवेन चिडली. घर माझं, धंदा माझा, आणि मी त्यांच्या बाळंतपणाची वाट बघत बसू का, असं तिनं ऐकवलं. इदवलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत थांबा. त्या आपणहून जातात. मग आपण घराची वाटणी करू. त्यांचं त्यांना, तुमचं तुम्हाला."

तो उन्हाळा टेगवेननं प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत काढला. पाद्र्यानं किल्लीच देऊन टाकली. रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांमध्ये नवऱ्या मुली झगे घालून उभ्या राहत. गावात बातमी पसरलीच होती. मिसेस अॅनविल पहिल्याच आठवड्यात आली, या वेळी आत येऊन बसली, आणि आपण उगाच काहीबाही समजलो म्हणून रडली. टेगवेननं तिला हातरुमाल दिला आणि तिच्या धाकटीच्या झग्याचं काम घेतलं.

सप्टेंबरच्या मध्याला एका संध्याकाळी फटीतून एकही वटवाघूळ निघालं नाही. इदवलनं लागोपाठ तीन संध्याकाळी पाहिलं, सरकारी कचेरीतून लेखी होकार आणला, मग गेथिन सुताराला बोलावलं. गेथिननं तोंडाला पट्टी बांधून माळ्यावरून लेंड्यांची अकरा पोती खाली काढली आणि शेवटचं पोतं खाली ठेवताना म्हणाला, की बाई, तुम्ही एवढी वर्षं या छताखाली बसत होतात हे छताचे उपकार आहेत. ती पोती टेगवेनच्या गुलाबांना दोन वर्षं पुरली. मग त्यानं माळ्यावर लाकडी आडभिंत घातली, छपराच्या कडेचा एक कोपरा वटवाघळांसाठी मोकळा ठेवला, खाली उचलून साफ करता येईल असा पत्रा अंथरला. खोलीच्या बाजूची प्रत्येक फट, नळाभोवतीची, खिडकीच्या चौकटीवरची, अगदी बोट घालून शोधून बुजवली. भिंतीचा गिलावा खरवडून नवा केला. खर्च झाला. टेगवेननं निम्मा दिला, निम्मा मेरेरिडनं तिला न विचारता दिला.

पुढच्या मे महिन्यात त्या परत आल्या. टेगवेननं मशीन मागच्या खोलीत आणलं होतं, पण तरी महिनाभर ती रोज सकाळी आत शिरताच आधी हुंगायची. काही नाही. सुताचा, इस्त्रीचा वास. वर त्यांची भांडणं चालू असायची, खाली हिचं मशीन.

दर जूनमध्ये मोजणी ठरूनच गेली. इदवलचे गुडघे गेले, तेव्हा टेगवेननंच आकडे लिहून त्याच्याकडे पाठवायला सुरुवात केली. एका वर्षी सहाशे चाळीसच भरल्या, तर तिला दोन दिवस रुखरुख लागली. मेरेरिडनं यावरून तिची भरपूर थट्टा केली.

चौथ्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या लक्षात आलं, की खोली शांत आहे. उकाडा होता, जूनही अर्धा सरला होता, आणि वरून काहीच आवाज नव्हता. तिनं सुई खाली ठेवली. मग ती शांतपणे उठली, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसली आणि पाहत राहिली. छपराखालून एक सुटलं, मग दुसरं, मग सगळ्या. त्या होत्या तिथंच होत्या. तिचे कान म्हातारे झाले होते, एवढंच. पुढच्या आठवड्यात तिनं कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःच वेळ घेतली, बसनं एकटी गेली आणि येताना लाल दोऱ्याची चार रिळं घेऊन आली.